दलदलीतील बारसे

पावसाळा सरत आला, म्हणजे एखाद्या भातखाचराच्या बांधावर क्षणभर थांबावे आणि हातातली काठी साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात हळूच खुपसावी. काठी वर ओढताच तिच्या मागोमाग बुडबुड्यांची एक माळ वर येते, पाण्यावर किंचित तरंगते आणि फुटून नाहीशी होते. खालचा चिखल काळा असतो, त्याला उग्र वास असतो, आणि तो पायाला लागला तर घरी आल्यावर पहिले काम म्हणजे पाय धुणे. आपल्या भाषेनेही चिखलाला फारसा मान दिलेला नाही. कोणाची निंदा करावयाची झाली तर आपण तिला चिखलफेक म्हणतो. कमळाची थोरवी सांगताना तेवढे चिखलाचे नाव निघते, आणि तेही कमळ त्याच्यापासून किती अलिप्त आहे हे सांगण्यासाठीच.

श्रोतेहो, त्या बुडबुड्यांचे कर्ते कोण, आणि त्यांना नावे कशी मिळाली, याची कथा आज मला सांगावयाची आहे. ती सुमारे साडेतीनशे वर्षांची कथा आहे. तिच्यात मोठमोठ्या विद्वानांचे परिश्रम आहेत तसेच त्यांचे प्रमादही आहेत. आणि माझ्या मते तिच्यातील सर्वांत बोधप्रद भाग या प्रमादांचाच आहे.

कथेचा आरंभ हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी होतो. तेथील कापडाचा व्यापारी अंतोन व्हान लेव्हेनहूक याला स्वतःच्या हाताने भिंगे घासून तयार करण्याचा छंद होता. गावापासून काही अंतरावर एक तळे होते. त्याचा तळ ठिकठिकाणी दलदलीचा होता. हिवाळ्यात त्याचे पाणी नितळ असे. परंतु उन्हाळ्यात ते पांढुरके होई आणि त्यात हिरवे ढग तरंगू लागत. दव पडल्यामुळे असे होते, अशी भोवतालच्या लोकांची समजूत होती. लेव्हेनहूकने ते पाणी एका काचनळीत भरून घरी आणले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरले. त्याला हिरव्या सर्पिल रेषा दिसल्या आणि त्यांच्यामध्ये इकडून तिकडे धावणारे असंख्य इवले जीव दिसले. हा वृत्तांत त्याने १६७४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविला. पुढे १६७६ साली मिरी भिजविलेल्या पाण्यात त्याला याहूनही कितीतरी लहान जीव आढळले. आज आपण ज्यांना जीवाणू म्हणतो, त्यांचे मानवाला घडलेले ते पहिले दर्शन होय. लेव्हेनहूकने त्यांची वर्णने केली, त्यांची चित्रे काढवून घेतली, त्यांच्या लहानपणाची वाळूच्या कणाशी तुलना केली. नावे मात्र त्याने दिली नाहीत. त्याच्या लेखी ते सारे ‘इवले प्राणी’ होते.

नावे देण्याचे काम पुढच्या शतकात स्वीडनच्या कार्ल लिनीअसने हाती घेतले, असे आपण म्हणतो. वनस्पती आणि प्राणी यांना दोन शब्दांची नावे देण्याची जी पद्धत त्याने रूढ केली, ती आजही चालू आहे. आपल्याकडे आडनाव कुळाचे असते आणि नाव व्यक्तीचे असते. तद्वतच या जोडनावातील पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो. परंतु सगळ्या सृष्टीचे वर्गीकरण करणारा हा महापुरुषही सूक्ष्म जीवांपुढे थबकला. १७६७ साली आपल्या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत त्याने त्यांची व्यवस्था ‘केऑस’ या प्रजातीत लावली. केऑस म्हणजे गोंधळ, अव्यवस्था. एका अर्थी ते प्रामाणिक नामकरण होते.

लिनीअस आपल्या याद्या करीत असतानाच्या काळात इटलीतील एक तरुण शास्त्रज्ञ निराळ्याच वाटेने दलदलीकडे येत होता. विजेच्या घटामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला आलेस्सांद्रो व्होल्टा तो हाच. १७७६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात माजोरे सरोवराच्या काठी, वेत आणि लव्हाळे माजलेल्या उथळ पाण्यात त्याने आपल्या काठीने तळ ढवळला, वर आलेले बुडबुडे उपड्या बाटलीत धरले आणि त्या हवेला ज्योत लावली. ती निळसर ज्वाळेने जळली. दलदलीतील ज्वलनशील हवा, म्हणजेच आजचा मिथेन वायू, अशा रीतीने शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. तथापि हा वायू चिखलातील सजीवांचे कर्तृत्व आहे, हे कळावयास आणखी सुमारे शंभर वर्षे जावी लागली. जीव एकाने पाहिले, त्यांचे कार्य दुसऱ्याने पाहिले. दोहोंचा संबंध अद्याप कोणी जोडला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात भिंगे सुधारली आणि नावांची संख्या वाढू लागली. जर्मन शास्त्रज्ञ एरेनबेर्ख याने १८३८ साली आपला भव्य ग्रंथ सिद्ध केला. त्यानंतर ब्रेस्लाऊ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फेर्डिनांट कोन याने १८७२ साली जीवाणूंची पहिली सुव्यवस्थित मांडणी केली. गोल, आखूड दंडासारखे, लांब दोऱ्यासारखे आणि मळसूत्री, असे चार गट त्याने पाडले. आकारावरून केलेले हे वर्गीकरण तात्पुरते आहे, याची जाणीव त्याला स्वतःलाच होती. दुसरे करण्यासारखे तरी काय होते? एखाद्या गावाची शिरगणती करावयाची आणि उंच, बुटके, जाडे, रोडके एवढेच कोष्टक हाती असावे, अशातला तो प्रकार. त्यातच नेगेली या दुसऱ्या विद्वानाचे म्हणणे असे की, जीवाणूंना स्थिर जातीच नाहीत. परिस्थितीप्रमाणे एकच जीव आज गोल तर उद्या दंडाकार होतो. हा वाद मिटविण्यासाठी एकच उपाय होता. कोट्यवधींच्या त्या गर्दीतून एकच जीव उचलावा, त्याला एकट्याला वाढवावे आणि त्याची संतती त्याच्यासारखीच निपजते की नाही ते पाहावे.

हा उपाय बर्लिनमधील रॉबर्ट कोख याने साध्य केला. १८८१ च्या सुमारास त्याने पोषक रसात जिलेटीन घालून त्याचा घट्ट थर काचेवर पसरला आणि त्यावर जीवाणू विखरून टाकले. घट्ट थरावर जीवाणूला हिंडता येत नाही. तो जेथे पडेल तेथेच वाढतो आणि त्याच्या वंशजांचा एक ठिपका डोळ्यांना दिसू लागतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एका पूर्वजाचे कुटुंब! परंतु उन्हाळ्यात जिलेटीन वितळे, आणि काही जीवाणू तर त्याचे पाणीच करून टाकीत. ही अडचण दूर केली ती एका गृहिणीने. कोखच्या प्रयोगशाळेतील वाल्टर हेसे याची पत्नी फॅनी हिला जावा बेटावर राहून आलेल्या परिचितांकडून एक समुद्रशेवाळी पदार्थ ठाऊक होता आणि मुरांबे घट्ट करण्यासाठी ती तो वापरीत असे. तोच हा अगर. आपल्या स्वयंपाकघरात तो चायनाग्रास या नावाने येतो. १८८७ साली पेट्रीने झाकणाची उथळ काचबशी तयार केली आणि जीवाणुशास्त्राचे घर मांडून झाले.

या ‘शुद्ध संवर्धना’ने रोगजंतूंच्या शास्त्रात क्रांती घडविली, हे सर्वश्रुत आहे. परंतु येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. या पद्धतीत ओळख पटवून घेण्याची पहिली अट एकान्त ही होती. जो जीव एकटा राहू शकतो, तोच नावाला पात्र ठरे. रोग्याच्या रक्तातून उचललेल्या जंतूला ही अट मानवली. चिखलातल्या जिवांना ती मानवणार होती काय?

दोन शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला आडवळणाने हात घातला. पहिला रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की. गंधकयुक्त झऱ्यांच्या चिखलावर पांढऱ्या धाग्यांची जाळी पसरते. ती ज्या जीवाणूची असते त्याचे नाव बेग्गियाटोआ. विनोग्राड्स्कीने हे धागे काचेच्या पातळ पट्टीखाली ठेवून दिवसचे दिवस त्यांचे निरीक्षण केले. गंधकयुक्त पाणी दिले की त्यांच्या अंगात गंधकाचे कण साठत. ते पाणी बंद केले की कण नाहीसे होत. १८८७ साली त्याने निष्कर्ष काढला की, कुजक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू हेच या जीवाचे इंधन आहे. ज्या वासाने आपण नाक दाबून घेतो, त्यावर कोणाचा तरी संसार चालतो! जिवाची ओळख त्याच्या आकारावरून नव्हे, तर उद्योगावरून पटवावी, हा विचार येथे प्रथम ठसठशीतपणे पुढे आला.

दुसरा शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक, आणि योगायोग असा की, तो लेव्हेनहूकच्याच डेल्फ्ट गावी काम करीत होता. त्याची युक्ति साधी होती. चिखलातील हजारो जीवांतून हवा तो शोधीत बसण्याऐवजी त्याने पंक्तीचे ताटच असे वाढावयाचे ठरविले की, विशिष्ट भोजन आवडणाराच तेथे वाढेल आणि इतर आपोआप मागे पडतील. या रीतीने १८९५ साली कालव्याच्या काळ्या चिखलातून त्याने सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड निर्माण करणारा जीवाणू मिळविला. म्हणजे विनोग्राड्स्कीच्या धाग्यांचे इंधन तयार करणारी मंडळी ती ही. पुढे १९०६ साली बायेरिंकचा शिष्य स्योन्गेन याने मिथेन वायूवरच उपजीविका करणारा जीवाणू शोधून काढला. एक जीव वायू निर्माण करतो, दुसरा तो खाऊन टाकतो. काळ्या चिखलात एक अख्खा गावगाडा चालला आहे, हे दिसू लागले. सुताराचे लोहारावाचून आणि लोहाराचे कोळशावाचून चालत नाही, तसेच हे.

आता मी ज्या प्रमादाचा उल्लेख केला, त्याकडे वळतो. मिथेन निर्माण करणारा जीव कोण, हा प्रश्न अजून उभाच होता. या जीवांना प्राणवायूचा स्पर्शही मारक असतो, म्हणून त्यांना बशीवर वाढविणे दुरापास्त. विनोग्राड्स्कीचा सहकारी ओमेलियान्स्की याने चिखलातील अशा एका संवर्धनाचा अभ्यास केला होता की, जे अल्कोहोलपासून मिथेन तयार करी. पुढे अमेरिकेतील एच. ए. बार्कर हे शास्त्रज्ञ काही काळ डेल्फ्टला बायेरिंकच्या उत्तराधिकाऱ्याकडे काम करावयास आले. त्यांनी १९३६ साली या जीवाचे वर्णन करून ओमेलियान्स्कीच्या सन्मानार्थ त्याचे नामकरण केले. १९४० साली तो शुद्ध स्वरूपात हाती आल्याचेही त्यांनी प्रसिद्ध केले. बार्कर अत्यंत काटेकोर संशोधक होते. हा जीव पाठ्यपुस्तकांत गेला, वर्गीकरणाच्या ग्रंथांत गेला, त्याच्या रसायनक्रियेवर निबंध लिहिले गेले. तीस वर्षे तो एक मान्यवर जाती म्हणून नांदला.

१९६७ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील मार्विन ब्रायंट, राल्फ वुल्फ आणि वोलिन दांपत्य यांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि दाखवून दिले की, असा जीवच अस्तित्वात नाही. तो एक नव्हता, दोन होते! ब्रायंट यांनी बार्कर यांचेच संवर्धन घेतले होते. त्याला अल्कोहोलऐवजी हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड दिले, तेव्हा मिथेन निर्माण करणारा एक जीव वेगळा निघाला. परंतु त्याला अल्कोहोल मुळीच पचेना. दुसरा जीव अल्कोहोलपासून अॅसेटिक आम्ल आणि हायड्रोजन तयार करी. परंतु एकटा ठेवला तर तो नीट वाढेना, कारण त्याने स्वतःच निर्माण केलेला हायड्रोजन साठून त्याचीच कोंडी करी. पहिला जीव तो हायड्रोजन उचलून नेई, तेव्हाच दुसऱ्याचा श्वास मोकळा होई. एकाचा उकिरडा तो दुसऱ्याचा कोठार. ही जोडी इतकी घट्ट होती की, एकान्ताची कसोटी लावणाऱ्या कसलेल्या डोळ्यांनाही ती एकच व्यक्ती वाटली.

या प्रसंगाचा अर्थ आपण नीट लावावयास हवा. बार्कर चुकले, एवढाच निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ती चूक तीस वर्षांनी दुरुस्त होऊ शकली, याचे कारण बार्कर यांचे संवर्धन तीस वर्षे जिवंत होते आणि ते दुसऱ्याच्या हाती देण्याची रीत शास्त्रात होती. नाव कागदावर होते. परंतु ज्याला ते नाव दिले होते तो चिखलाचा अंशही काचनळीत श्वास घेत होता आणि कोणीही येऊन त्याला पुन्हा प्रश्न विचारू शकत होता. बारशाला आलेल्या पाहुण्यांनी पाळण्यात वाकून पाहावे आणि आत जुळी मुले असल्याचे सांगावे, तसे हे झाले. पाळणा रिकामा असता तर ही दुरुस्ती कधीच झाली नसती.

या जीवांनी अजून एक धक्का राखून ठेवला होता. इलिनॉय विद्यापीठातच कार्ल वूज हे शास्त्रज्ञ निराळ्या मार्गाने जीवाणूंची वंशावळ शोधीत होते. प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोसोम असतात. त्यातील एका घटकाच्या रेणूची अक्षरमाला जातीजातींत किती जुळते, यावरून त्यांचे नाते किती जवळचे, हे ठरविता येईल, अशी त्यांची कल्पना. वुल्फ यांच्याकडील मिथेनकारी जीव त्यांनी या कसोटीला लावले आणि त्यांना आढळले की, हे जीव इतर जीवाणूंच्या कुळातलेच नाहीत. १९७७ साली वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी ते प्रसिद्ध केले, आणि १९९० साली या स्वतंत्र कुळाला आर्किया हे नाव देण्यात आले. ज्यांना आपण शतकभर गोल आणि दंडाकार म्हणून एका रांगेत बसविले, त्यांच्यातील काही जण सृष्टीच्या एका वेगळ्याच शाखेचे निघाले. आकाराच्या कोष्टकाची मर्यादा याहून स्पष्ट कोणती असणार?

दरम्यान नावांचा पसारा अनावर झाला होता. एकाच जीवाला चार नावे आणि एकाच नावाचे चार जीव अशी अवस्था होती. कित्येक नावांमागचा जीव कोठेच शिल्लक नव्हता. तेव्हा आंतरराष्ट्रीय समितीने एक धाडसी निर्णय घेतला. १ जानेवारी १९८० हा नवा आरंभदिन ठरवून मान्य नावांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत अडीच हजारांहूनही कमी नावे होती. यादीबाहेरची हजारो नावे एका रात्रीत निराधार झाली. त्या दिवसापासून नियम असा की, नव्या जातीच्या नावासोबत तिचे वर्णन हवे आणि ‘प्ररूप वाण’ म्हणून एक जिवंत नमुना हवा. पुढे त्यात अशी भर पडली की, हा नमुना दोन निरनिराळ्या देशांतील जीवाणुसंग्रहांत ठेवला पाहिजे, म्हणजे एका ठिकाणी आग लागली वा वीज गेली तरी दुसरीकडे तो राहील, आणि तो मागणाऱ्या अभ्यासकाला मिळाला पाहिजे. बार्कर यांच्या संवर्धनाने जो धडा दिला, तोच येथे नियम म्हणून स्थिर झाला.

आज एखादा संशोधक पाणथळीतून नवी जाती शोधतो म्हणजे काय करतो? तो चिखलाचा नमुना प्राणवायू न लागू देता प्रयोगशाळेत आणतो. बायेरिंकच्या रीतीने विशिष्ट अन्न देऊन काहींना पुढे काढतो. मग ते पातळ करीत करीत एकेकटे करतो. त्याचा आकार, रंग, गती पाहतो. कोणत्या उष्णतेत आणि किती क्षारात तो वाढतो, काय खातो, त्याच्या आवरणात कोणती मेदाम्ले आहेत, याची नोंद करतो. रायबोसोमच्या जनुकाची अक्षरमाला जगभरच्या नोंदींशी ताडून पाहतो, आणि शेवटी संपूर्ण जनुकसंच वाचून जवळच्या नातलगाशी जुळवितो. ही जुळणी सुमारे ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली आली, तर जाती निराळी मानण्याचा संकेत आहे. हे माप किती सैल आहे, ते पाहा. ते आपल्याला लावले, तर माणूस आणि चिंपांझी एकाच जातीत बसतील! म्हणजे ‘जाती’ हा शब्द तोच असला, तरी जीवाणूंच्या बाबतीत त्याचा अर्थ तोच नाही. तो शास्त्रज्ञांनी सोयीसाठी ठरविलेला एक करार आहे.

या कामात आपल्या देशाचाही वाटा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. उल्कापाताने काळ्या बेसॉल्ट खडकात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर. आणि त्यातले पाणी इतके खारट व अल्कधर्मी की, तेथे काही जगत असेल असे वाटू नये. परंतु हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी या सरोवरातून नव्या जीवाणूंच्या मालिकाच जगापुढे आणल्या. २०१० साली एका नव्या प्रजातीला त्यांनी भारतावरून इंडिबॅक्टर असे नाव दिले. २०१२ साली दुसरी एक आली, तिचे नाव सेसेम्बिया लोणारेन्सिस. पहिला शब्द त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या उच्चारावरून केलेला आणि दुसरा लोणार गावावरून. अशा रीतीने विदर्भातील एक गाव लॅटिन वेषात जगाच्या यादीत जाऊन बसले. २०२० सालच्या जून महिन्यात याच सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा दैवी कोपापासून अनेक तर्क झाले. तो रंग क्षारप्रिय आर्कियांचा होता, असे परीक्षणान्ती दिसून आले. वूज यांनी ज्या कुळाचा शोध लावला, त्याच कुळातील ही मंडळी.

पुण्याची आघारकर संशोधन संस्था १९४६ साली स्थापन झाली. तेथे भातखाचरांतील मिथेनभक्षी जीवाणूंचा अभ्यास होतो. खाचरात चिखलाच्या तळाशी मिथेन तयार होतो. परंतु तो सगळाच हवेत पोहोचत नाही. वाटेत, भाताच्या मुळांशी जेथे थोडा प्राणवायू मिळतो, तेथे हे जीवाणू त्याला अडवितात. मिथेन वातावरण तापविणारा प्रबळ वायू आहे, हे लक्षात घेता या द्वारपालांचे महत्त्व सहज कळेल. २०१८ साली या संस्थेतील संशोधकांनी भारतीय भातखाचरातून मिळालेल्या अशा एका जीवाणूचे वर्णन केले. तो फिकट गुलाबी रंगाचा आणि आपल्या जातभाईंच्या मानाने चांगलाच मोठा. त्याला नाव मिळाले मिथायलोकुकुमिस ओरायझी. ओरायझा म्हणजे भात आणि कुकुमिस म्हणजे काकडी. भातातली काकडी! हे वर्णन ज्या नियतकालिकात आले, त्याचे नाव अंतोन व्हान लेव्हेनहूक असे आहे. कापडाच्या त्या व्यापाऱ्याला याहून उचित स्मारक कोणते लाभणार?

परंतु या नावाच्या आधी एक उपपद जोडलेले आहे: कॅन्डिडेटस, म्हणजे उमेदवार. ज्या जीवाची ओळख पटली आहे, परंतु ज्याच्या बाबतीत नियमांची सारी पूर्तता झालेली नाही, त्यासाठी १९९० नंतरच्या दशकात हे उपपद योजण्यात आले. आज असे उमेदवार फार झाले आहेत. कारण आता चिखलातील जनुकद्रव्य थेट वाचता येते. जीव हाती न येताच त्याचा जनुकसंच कागदावर जुळविता येतो. चिखलातल्या शंभर जीवाणूंपैकी एखादाच आपल्या बशीवर वाढावयास तयार होतो, असे अनुभवाने दिसले आहे. उरलेल्यांना कायमचे बेनाम का ठेवावे, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी विचारला. त्यातून २०२२ साली एक नवी नामसंहिता पुढे आली. तिच्यानुसार जिवंत वाणाऐवजी जनुकसंचाची नोंदही नावाला आधार म्हणून चालते. जुनी संहिता मात्र अजून जिवंत नमुना मागते. आज या दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदत आहेत.

या वादात कोणाची बाजू घ्यावी? मला वाटते, दोन्ही पक्षांत सत्य आहे. एकान्त न मानवणाऱ्या जिवाला केवळ त्या कारणास्तव नाव नाकारणे म्हणजे आपल्या पद्धतीचा दोष त्याच्या माथी मारणे होय. उलट, अक्षरमाला ही जीवाची जन्मपत्रिका आहे; तो जीव नव्हे. पत्रिकेवरून पुष्कळ भाकिते करता येतील. परंतु बार्कर यांच्या पाळण्यात दोन मुले आहेत, हे पाळण्यात वाकून पाहणाऱ्यांनाच कळले. म्हणून पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात किंवा चंडीगढच्या संग्रहात, गोठवून सुकविलेल्या वाणांच्या ज्या लहान लहान कुप्या रांगेने ठेवलेल्या असतात, त्या मला एखाद्या ग्रंथालयासारख्या वाटतात. आपल्या चुका पुढच्या पिढीला दुरुस्त करता याव्यात, यासाठी केलेली ती तरतूद आहे.

आणि तरीही कुपीत एक गोष्ट मावत नाही. सोबत मावत नाही. अल्कोहोल पचविणारा आणि हायड्रोजन उचलणारा, वायू करणारा आणि तो अडविणारा, गंधकावर जगणारा आणि त्याला गंधक पुरविणारा, यांचा परस्परांवर चाललेला प्रपंच केवळ चिखलातच टिकतो. तो चिखलच नाहीसा झाला तर? १९७० ते २०१५ या काळात जगातील नैसर्गिक पाणथळींपैकी सुमारे ३५ टक्के नष्ट झाल्या, असा आंतरराष्ट्रीय अहवाल आहे. महाराष्ट्रातील नांदूरमधमेश्वर आणि लोणार यांना २०२० साली, आणि ठाण्याच्या खाडीला २०२२ साली, रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळी म्हणून मान्यता मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे. तेथे येणाऱ्या पक्ष्यांची गणना होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु पक्ष्यांच्या पायांखाली जे राहतात, त्यांची शिरगणती अजून नीटशी सुरूही झालेली नाही. जगात आजवर रीतसर नाव मिळालेल्या जीवाणूंच्या आणि आर्कियांच्या जाती वीस हजारांहून थोड्या अधिक असतील. नाव न मिळालेल्यांचे अंदाज तर कोट्यवधींच्याही पलीकडे जातात. एखादे तळे भराव घालून बुजविले, की त्याच्याबरोबर किती बेनाम कुटुंबे गाडली गेली, हे सांगावयास कोणी साक्षीदारही उरत नाही. ज्याचे बारसेच झाले नाही, त्याचे सुतक कोण पाळणार?

तेव्हा, श्रोतेहो, पुन्हा कधी खाचराच्या बांधावरून जाण्याचा योग आला आणि काठीमागून बुडबुडे वर आले, तर क्षणभर थांबावे. व्होल्टाने तेथे वायू पाहिला, बार्कर यांनी एक जीव पाहिला, ब्रायंट यांनी दोन पाहिले, वूज यांनी सृष्टीची एक नवी शाखा पाहिली. चिखल प्रत्येक वेळी तोच होता. अजून कोणी काय पाहील, हे तो चिखल आपण राखतो की नाही, यावर अवलंबून आहे.